‘कुंकू’ संपायच्या आधी उठून गेलेले काका : एक प्रकरण अभ्यास

या प्रकरणातल्या दोघांनीही ते लिहायला संमती दिली आहे. लिहून झाल्यावर दोघांनी ते वेगवेगळं बसून वाचलं. काकूंनी दोन ठिकाणी दुरुस्ती सांगितली, ती केली आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि नावं दिलेली नाहीत. समोर मी त्यांना काका-काकूच म्हणते, इथेही तेच म्हणेन.

पार्श्वभूमी

काका ६९ वर्षांचे, काकू ५८ च्या. लग्नाला ३५ वर्षं झाली. तीन बहिणींची लग्नं उरकून मग काकांनी स्वतःचं केलं, त्यामुळे अकरा वर्षांचं अंतर पडलं. काकूंच्या घरच्यांच्या दृष्टीने स्थळ चांगलं होतं : मुलगा कायम नोकरीत, निर्व्यसनी, नाशकात स्वतःची जागा. तेव्हा ते अंतर कुणालाच खटकलं नाही. सातपूरच्या एका कारखान्यात काका टूलरूमचे सुपरवायझर होते. काकू जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. एकुलती मुलगी पुण्यात असते.

काका नऊ वर्षांपूर्वी निवृत्त झाले आणि घर त्यांनी हातात घेतलं. सकाळचा चहा, काकूंचा डबा, भाजी, वीजबिल, सगळं तेच बघायचे. ती वर्षं चांगली गेली असं दोघंही सांगतात. ‘तू रिटायर झालीस की दोघं निवांत बसू’ हे काकांचं नेहमीचं वाक्य होतं.

गेल्या वर्षी मे महिन्यात काकू निवृत्त झाल्या. जूनमध्ये त्यांनी गंगापूर रोडला सुगम संगीताचा क्लास लावला आणि सकाळी मैत्रिणींबरोबर कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर जायला सुरुवात केली. तेहतीस वर्षं घड्याळाकडे बघून धावलेल्या बाईला निवांतपणा म्हणजे घरात बसणं वाटत नव्हतं. काकांना मात्र तोच शब्द घरासकट अपेक्षित होता. इथपर्यंत हे कुठल्याही घरात घडतं.

तोवर काकांच्या शरीराने बरंच काही काढून घेतलं होतं. मधुमेह चौदा वर्षांचा. तीन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली. एकदा मुंबई नाक्यावर तोल जाऊन पडल्यापासून त्यांनी स्कूटर सोडली, ती आता काकू चालवत होत्या. ऐकूही कमी येत होतं, पण ते कानाचं आहे हे त्यांना मान्य नव्हतं. लोक हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात, असं ते म्हणायचे.

चित्रपटाची दुपार

एका ज्येष्ठ नागरिक संघात मी महिन्यातून दोन दुपारी समुपदेशक म्हणून बसते. तिथे महिन्याला एक जुना मराठी चित्रपट दाखवतात. दादासाहेब फाळके जन्मले त्र्यंबकेश्वरला आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी गेले ते नाशिकमध्ये, म्हणून फेब्रुवारीत काहीतरी खास हवं असा सगळ्यांचा आग्रह असतो. निवड माझ्याकडे आली आणि मी प्रभातचा ‘कुंकू’ सुचवला. १९३७ चा, व्ही. शांतारामांचा, ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरचा. फसवून म्हाताऱ्या बिजवराच्या गळ्यात बांधलेली नीरा हे लग्न मनाने मान्यच करत नाही, ही त्याची गोष्ट.

माझ्या डोक्यात शांता आपट्यांची नीरा होती. पडद्यासमोर बसणाऱ्या साठेक माणसांत निम्मे पुरुष सत्तरीच्या आसपासचे आहेत आणि त्यांचे डोळे केशवराव दात्यांवर असणार आहेत, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. दात्यांनी काकासाहेब दुष्ट माणूस म्हणून रंगवलेला नाही. बाहेर मान असलेला वकील, घरात मोठी झालेली मुलं, आणि स्वतःच्या खोलीत मात्र आपण म्हातारे झालो हे ज्याला रोज नव्याने कळतं असा तो माणूस आहे. चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. घरातलेच आवाज ऐकू येतात, आणि भिंतीवरचं घड्याळ. ते घड्याळ आणि काकासाहेब एकच आहेत हे शांताराम पुन्हा पुन्हा जाणवून देतात.

मध्यावरच काका उठले आणि बाहेर गेले. काकू अर्ध्या उठल्या, पुन्हा बसल्या. ते अर्धं उठणं मी पाहिलं आणि बाहेर गेले. काका चपलांच्या रॅकजवळ भिंतीला हात टेकून उभे होते. त्यांनी विचारलं, “मॅडम, हा सिनेमा कुणाच्या सांगण्यावरून लावला?”

मी निवडला, म्हटलं. त्यांचा विश्वास बसला नाही. काकूंनी मला सांगून, मुद्दाम आपल्याला दाखवण्यासाठी हा लावून घेतला, अशी त्यांची खात्री झाली होती. मी काकूंशी त्याआधी एक शब्दही बोलले नव्हते.

अडचण नेमकी काय होती

पुढच्या आठवड्यात दोघं माझ्याकडे आले. काकांनी खिशातून छोटी डायरी काढली. टूलरूममध्ये आयुष्य गेलेल्या माणसाचं ते अक्षर होतं : सरळ रेघा, तारीख, वेळ, आणि स्कूटरचं किलोमीटरचं रीडिंग. निघताना १८,४०६. आल्यावर १८,४२१. खाली हिशेब : “इंदिरानगर ते क्लास जाऊन-येऊन १२. जास्त ३.” त्या तीनखाली दोन रेघा मारलेल्या. अशी चार महिन्यांची पानं होती.

संशय होता क्लासमध्ये हार्मोनियम वाजवणाऱ्या एका साठीच्या विधुर गृहस्थांवर. पुरावा विचारला तर काका जे बोलले ते मी तेव्हाच लिहून ठेवलं : “माझ्याशी ओरडून बोलते, फोनवर त्याच्याशी हळू बोलते.” वयाने येणाऱ्या बहिरेपणात आधी वरच्या पट्टीचे आवाज जातात, त्यामुळे बायकांचं बोलणं लवकर पुसट होतं. काकूंना नवऱ्याशी मोठ्याने बोलावंच लागत होतं आणि फोनवर त्या नेहमीच्या आवाजात बोलत होत्या. काकांच्या कानावर मात्र घरात येत होती ती धार आणि दाराआडून येत होतं ते कुजबुजणं. हे जोडून बघायला मला आणखी दोन बैठका लागल्या.

काकूंनी एकटं भेटल्यावर दुसरी बाजू सांगितली. “तीन वर्षं झाली. ते भिंतीकडे तोंड करून झोपतात. मी कधी विषय काढला नाही, त्यांना कमीपणा वाटेल म्हणून.” मधुमेहात लिंगाला ताठरता न येण्याची तक्रार पुष्कळ पुरुषांत असते आणि बहुतेकांची ती डॉक्टरांपर्यंत जातच नाही. काकू मायेपोटी गप्प राहिल्या. काकांनी त्या गप्प राहण्याचा अर्थ लावला की हिला आता गरजच उरलेली नाही, म्हणजे ती दुसरीकडे भागत असणार. क्लास गेल्या वर्षी लागला. संशयाची जागा त्याच्या कितीतरी आधी तयार होऊन बसली होती.

नातेवाइकांनी यात भर घातली. काकूंचा भाऊ लग्नसमारंभात सगळ्यांसमोर काकांना ‘काय फाल्गुनराव’ म्हणाला. देवलांच्या ‘संशयकल्लोळ’ला लोक १९१६ पासून हसत आले आहेत, त्यामुळे संशयी नवरा म्हटला की हे नाव आपल्या तोंडात तयारच असतं. त्या दिवशी घरी आल्यावर काकांनी स्कूटरची किल्ली काढून घेतली आणि रात्रभर आतून कुलूप लावून किल्ली उशाखाली ठेवली.

समोर असलेले पर्याय

मुलीचं म्हणणं होतं की आईने सरळ पुण्याला यावं. ‘कुंकू’मधली चित्रा, शकुंतला परांजपे यांनी केलेली काकासाहेबांची मुलगी, वडिलांना तोंडावर सुनावते आणि नीरेच्या बाजूने उभी राहते. आमच्या प्रकरणातली मुलगीही आईच्या बाजूने उभी राहिली, आणि ते बरोबरच होतं. पण काकूंना घर सोडायचं नव्हतं. “मी काय केलंय म्हणून मी जाऊ?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

काकांच्या धाकट्या भावाचा पर्याय सोपा होता : क्लास बंद करा, घरात शांतता येईल. काकूही एका बैठकीत त्यावर येऊन ठेपल्या होत्या. मी स्पष्टपणे त्याच्या विरोधात बोलले. क्लास सुटला असता तर काकांच्या दृष्टीने संशय खरा ठरला असता आणि पुढचा नंबर जॉगिंग ट्रॅकचा लागला असता.

तिसरा पर्याय कायद्याचा. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ मध्ये शाब्दिक आणि मानसिक छळही येतो, फक्त मारहाण नाही. कुलूप लावून बायकोला अडकवून ठेवणं ही किरकोळ गोष्ट नव्हे, हे मी काकूंना समजावून सांगितलं. या कायद्याखालच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे कसं जायचं, महिला हेल्पलाइनचा १८१ आणि तातडीच्या मदतीचा ११२ हे क्रमांक कधी फिरवायचे, तेही सांगितलं. काकूंनी तेव्हा तक्रार नको म्हटलं. पण स्कूटरची आणि घराची दुसरी किल्ली, बँकेचं पासबुक आणि थोडे पैसे त्यांनी एका मैत्रिणीकडे नेऊन ठेवले. हे त्यांनी माझ्यासमोर ठरवलं आणि त्याच दिवशी केलं.

उरला होता डॉक्टर आणि समुपदेशनाचा रस्ता. तो आम्ही धरला, पण मी त्याची सुरुवात चुकीच्या टोकाने केली.

काय केलं

पहिल्या संयुक्त बैठकीत मी काकूंना त्या तीन किलोमीटरचा खुलासा करू दिला. क्लास सुटला की त्या एका मैत्रिणीला महात्मानगरला सोडतात, तेवढाच तो वळसा. काका गप्प बसले म्हणून मी काकूंना त्या मैत्रिणीला स्पीकरवर फोन लावायला सांगितलं. तिने होकार दिला. काकांचा चेहरा सैलावला आणि मला वाटलं, गाठ सुटली.

चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी काकांनी विचारलं, “मैत्रीण तुझीच ना?”

हा माझ्या लेखी या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा धडा आहे. मी संशयाला चौकशीचा मान दिला. काकूंना आरोपीच्या जागी बसवलं आणि मी स्वतः पंच झाले. एकदा पुरावा मागायचा हक्क मान्य केला की पुढचा पुरावा मागायलाही मीच वाट करून दिल्यासारखं झालं. त्या आठवड्यात काकूंना रोज फोन उघडून दाखवावा लागला.

तिसऱ्या बैठकीपासून मी दोघांना वेगवेगळं भेटायला लागले. काकांना मी ‘कुंकू’बद्दल विचारलं, मधूनच का उठलात म्हणून. त्यांनी तो आधी टीव्हीवर पाहिलेला होता, शेवट माहीत होता. काकासाहेब शेवटी स्वतःचा जीव देतो आणि नीरेला मोकळं करतो. काका माझ्याकडे न बघता म्हणाले, “त्यानं शेवटी बरोबर केलं. बाईची सुटका केली.”

क्षणभर मला विषय पुढे न्यावासा वाटला. इतक्या वर्षांनंतरही तो मोह होतो. मग मी सरळ विचारलं, “काका, स्वतःला संपवावं असं तुमच्या मनात येतं का?”

बराच वेळ गेला. “रोज नाही,” ते म्हणाले.

असं विचारल्याने माणसाच्या डोक्यात नवा विचार घुसतो ही समजूत चुकीची आहे. विचारल्यावर बहुतेक माणसं मोकळी होतात. मी पुढचंही विचारलं, किती दिवसांपासून, काही ठरवलंय का, कोणाला सांगितलंय का. मग त्यांना सांगितलं की ही गोष्ट मी माझ्यापुरती ठेवू शकत नाही. काकूंना आणि मुलीला सांगावं लागेल, कसं सांगायचं ते तुम्ही ठरवा. ते म्हणाले, तुम्हीच सांगा. त्याच संध्याकाळी मनोविकारतज्ज्ञांची वेळ मिळाली. घरातली औषधं काकूंनी ताब्यात घेतली आणि एका वेळी दोन-तीन दिवसांचीच बाहेर ठेवायला सुरुवात केली. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक काकांनी स्वतःच्या हाताने डायरीच्या पहिल्या पानावर लिहिला. तो चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.

डॉक्टरांनी आधी पाहिलं ते हे की संशय भ्रमाच्या टोकाला गेला आहे का. त्या अवस्थेला १९५५ पासून, शेक्सपिअरच्या नाटकातल्या संशयी नवऱ्यावरून, ‘ऑथेल्लो सिंड्रोम’ असं नाव आहे. स्मृतिभ्रंशात, फार मद्यपानात, पार्किन्सनच्या काही औषधांनीही तसं होऊ शकतं. काकांचं तसं नव्हतं. “माझं चुकतही असेल” एवढं ते म्हणू शकत होते, आणि भ्रमातल्या माणसाला ते म्हणता येत नाही. निदान नैराश्याचं निघालं. मधुमेहाची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत होतं तसं ब-१२ जीवनसत्त्व कमी होतं. नैराश्याच्या काही गोळ्यांनी लैंगिक अडचण वाढते, म्हणून गोळी त्या बेताने निवडली.

काका मला जे कधी सांगू शकले नाहीत ते डॉक्टरांना सांगून मोकळे झाले. त्यांनी एका दुकानातून कुणाला न विचारता ‘ताकदीच्या’ गोळ्या आणल्या होत्या, तीनदा घेतल्या होत्या. छातीत दुखलं तर जिभेखाली धरायची गोळी त्यांच्या खिशात कायम असायची. तशा गोळ्यांत ताठरतेसाठी दिलं जाणारं सिल्डेनाफिल असलं आणि जिभेखालच्या गोळीतलं नायट्रेट त्याच सुमारास शरीरात गेलं तर रक्तदाब जिवावर बेतेल इतका उतरू शकतो. हे ऐकून काकू माझ्यासमोर रडल्या. तीन वर्षांत पहिल्यांदाच त्या दोघांनी त्या विषयावर एकमेकांशी बोलणं केलं, तेही दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर.

कानाची तपासणी मात्र लांबत गेली. काकांना डोक्याचा डॉक्टर चालला, पण कानाचं यंत्र म्हणजे म्हातारपणाची पाटी वाटत होती. शेवटी मी त्यांना त्यांचंच वाक्य वाचून दाखवलं, ओरडून आणि हळू बोलण्याचं. ते बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिले. यंत्र दोन आठवड्यांनी लागलं.

घरासाठी आम्ही काही गोष्टी ठरवल्या. काकांनी प्रश्न विचारला तर काकू एकदाच, खरं उत्तर देतील. दुसऱ्यांदा विचारलं तर उत्तर नाही. फोन दाखवायचा नाही. किल्ल्यांना हात नाही आणि पुन्हा कुलूप लागलं तर काकू त्याच क्षणी ११२ ला फोन करतील. हे काकांच्या समोर बोलून ठरलं. क्लास चालू राहील. त्या बदल्यात काकूंकडून मी काहीच मागितलं नाही. काकांनी स्वतःहून एक मागितलं : आठवड्यातून एक संध्याकाळ दोघांची. काकू लगेच हो म्हणाल्या नाहीत. “विचार करते,” म्हणाल्या, आणि पुढच्या बैठकीत गुरुवार दिला.

पुन्हा करायचं झालं तर

‘कुंकू’ मी पुन्हाही दाखवेन. पण शेवट काय आहे हे सुरुवातीलाच सांगेन, चित्रपट संपल्यावर माणसांना चहाला सोडून न देता अर्धा तास बोलायला बसवेन, आणि मदतीचा क्रमांक फळ्यावर लिहून ठेवेन. त्या दुपारी काका नसते उठले तर ते तो शेवट बघून मुकाट घरी गेले असते आणि मला कळलंही नसतं. वयस्कर माणसांच्या संघात असा शेवट काही न बोलता दाखवणं ही माझी गंभीर चूक होती.

काकूंना पहिल्याच दिवशी एकटं भेटायला हवं होतं. कुलपाची गोष्ट मला दुसऱ्या बैठकीनंतर कळली, आणि तोवर मी दोघांना शेजारी बसवून मोकळेपणाने बोला म्हणत होते. ज्या बाईला घरी गेल्यावर त्या बोलण्याची किंमत मोजावी लागणार आहे तिला असं म्हणू नये.

आणि स्पीकरवरचा तो फोन मी लावायला सांगणार नाही.

एक विचार मला सोडत नाही. देवलांनीच ‘ऑथेल्लो’वरून मराठीत आणलेला झुंझारराव संशयाने बायकोचा जीव घेतो. फाल्गुनरावावर आपण हसतो. काकासाहेब स्वतःला संपवतो. आपल्या रंगभूमीने आणि पडद्याने संशयी नवऱ्याला हे तीन शेवट दिले आणि तिन्ही प्रभावी आहेत. पण काकांना यातला कुठलाच कामाचा नव्हता. कानाच्या डॉक्टरकडे जाणारा, रक्त तपासून घेणारा, बाकावर बसून बायकोला ‘मला होत नाही’ म्हणणारा म्हातारा त्यांनी कुठे पाहिलेलाच नव्हता.

आजची स्थिती

आठ महिने झाले. मरणाचे विचार थांबलेत असं काका आणि डॉक्टर दोघंही सांगतात; गोळी चालू आहे. संशय गेलेला नाही. चौथ्या महिन्यात क्लासचा जाहीर कार्यक्रम ठरला तेव्हा डायरीत पुन्हा तीन दिवसांची रीडिंग आली. चौथ्या दिवशी काकांनी स्वतः मला फोन केला. “लिहायला लागलोय परत,” एवढंच म्हणाले. कार्यक्रमाला ते गेले, मागच्या रांगेत बसले आणि मध्यंतरात घरी आले. दिवाळी पहाटेला मात्र शेवटपर्यंत थांबले. कोरसमध्ये बारा बायका होत्या. घरी आल्यावर ते काकूंना म्हणाले की वरच्या सुरात तुझा आवाज वेगळा कळला.

काकूंना ते ऐकून बरं वाटलं. पण गेल्या भेटीत मी विश्वासाबद्दल विचारलं तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, “त्यांनी विश्वास ठेवावा म्हणून मी आता काही करत नाही. मला माझी सकाळ हवी, ती मला मिळते.” गुरुवारची संध्याकाळ चालू आहे. स्कूटरची दुसरी किल्ली अजून मैत्रिणीकडेच आहे, आणि ती तिथेच राहणार आहे हे काकांनाही माहीत आहे.